चार नंबरचा अपवाद

वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर, वर्तमानपत्रांच्या दालनाला लागून, संगणकांची खोली होती. सहा संगणक भिंतीकडे तोंड करून एका ओळीत मांडले होते, म्हणजे कोण काय बघतंय ते मागून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. ही मांडणी समितीची. खोलीचा कारभार ज्या बाईंकडे होता त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडमना ती मांडणी पटलेली नव्हती, पण टेबलं स्क्रूने जमिनीला पक्की केलेली होती, त्यामुळे त्या पडद्यांकडे न बघता चालायला शिकल्या होत्या.

नियम साधे होते. कार्ड दाखवायचं, वहीत नाव, वेळ आणि संगणकाचा नंबर लिहायचा, पाऊण तास बसायचं आणि उठताना ब्राउझर बंद करायचा. तो बंद झाला की आतलं सगळं आपोआप पुसलं जाई. कोणती पानं पाहिली, कुठे काय लिहिलं, आणि साइटनी ठेवलेल्या कुकीसुद्धा. साइट आपल्या ब्राउझरमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून जाते आणि पुढच्या वेळी ती चिठ्ठी बघून आपल्याला ओळखते, तीच कुकी. इथे ही ओळख दिवसातून पन्नास वेळा पुसली जायची. पाच वर्षांपूर्वी एका बाईंचं ईमेल उघडं राहिलं होतं आणि त्यांच्यानंतर बसलेल्या माणसाने त्यातली दोन पत्रं मित्रांना मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हापासून समितीचा ठराव होता की या खोलीत कुणाचं काहीही मागे राहता कामा नये.

सेटिंग्जमध्ये 'अपवाद' नावाची एक यादी होती. ज्या साइटची कुकी पुसायची नाही तिचं नाव तिथे घालायचं. सहाही संगणकांवर ती यादी रिकामी होती, आणि ती रिकामीच आहे अशी खात्री करून मॅडम दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सही करत.

थंडी सरता सरता खोलीच्या दारावर एका सेवासंस्थेने कागद चिकटवला. 'घरच्या रुग्णाची देखभाल. चोवीस पाठ, विनामूल्य. नाव न देताही शिकता येईल. शेवटी प्रमाणपत्र.' त्या आठवड्यात एक बाई येऊ लागल्या. वय अठ्ठावन्न-साठ, अंग सडपातळ, गळ्यात कधी कधी मापाची टेप तशीच राहिलेली. मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकाम होतं. वाचनालयात जुने सभासद त्यांना मावशी म्हणायचे, मॅडमही तेच म्हणू लागल्या.

मावशी रोज अकराला येत आणि मिळेल त्या संगणकावर बसत. मॅडम पडद्यांकडे बघत नसल्या तरी साबणाचा फेस काही नजरेतून सुटत नाही. रोज अकरा वाजून पाच मिनिटांनी मावशींच्या पडद्यावर दोन हात नळाखाली धरलेले दिसत आणि बोटांच्या बेचक्यांत साबण लावला जाई. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी मॅडमना राहवलं नाही.

"मावशी, रागावू नका, पण तुम्ही रोज हात धुण्याचाच पाठ का बघता?"

"ते रोज तिथूनच सुरू होतं ना."

"आणि तुम्ही रोज पहिल्यापासून करता?"

"मला वाटलं, उजळणी घेतात. आमच्या शाळेत पाढे घ्यायचे तशी." मावशींनी चष्मा काढून पुसला. "पहिले तीन माझे तोंडपाठ झालेत. चौथ्यात काय आहे ते मात्र अजून कळलं नाही. एक बाई बादली घेऊन आत येते, तेवढ्यात आपली वेळ संपते."

मॅडमना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. साइट मावशींना ओळखत नाही, कारण ओळखीची चिठ्ठी रोज पुसली जाते, असं त्यांनी समजावून सांगितलं. उपायही सांगितला. ईमेल देऊन खातं काढायचं, मग कुठल्याही संगणकावरून पुढचे पाठ करता येतील.

मावशींनी मान हलवली. त्यांचा फोन म्हणजे मुलाने वापरून दिलेला जुना फोन होता आणि त्यावर आलेला प्रत्येक निरोप मुलाच्या फोनवरही दिसायचा. मुलाला हे कळायला नको होतं. पलीकडच्या चौकात वृद्धांचं निवासस्थान होतं, तिथे सकाळच्या पाळीला माणसं हवी होती आणि प्रमाणपत्र असेल तर घेणार होते. तयार कपडे स्वस्त झाल्यापासून मावशींकडे नवं शिवायला कुणी येत नव्हतं. बाह्या आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, एवढंच उरलं होतं.

"मुलगा म्हणेल, या वयात लोकांची ढुंगणं पुसायला जाणार का," मावशी शांतपणे म्हणाल्या. "सून काही बोलणार नाही, पण तिचा चेहरा बोलेल. कागद हातात आला की मग सांगेन."

मॅडमनी दोन दिवस विचार केला. ठराव पत्रांसाठी होता, हे तर पाठ आहेत. कोण कितवा पाठ शिकला हे दुसऱ्याला कळलं तर कुणाचं काय बिघडतं? तिसऱ्या दिवशी खोली उघडल्यावर, कुणी यायच्या आत, त्यांनी चार नंबरच्या संगणकावर सेटिंग्ज उघडल्या, अपवादांच्या यादीत त्या साइटचा पत्ता घातला आणि 'परवानगी द्या' वर क्लिक केलं. वहीत काही लिहिलं नाही.

"आजपासून चार नंबरवरच बसत जा," त्यांनी मावशींना सांगितलं. "तिथे तुमचं राहील."

त्या दिवशी मावशींनी चौथा पाठ शेवटपर्यंत पाहिला. बादलीवाली बाई रुग्णाला अंथरुणातच अंघोळ घालणार होती. उठताना मावशी एवढंच म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंना मी असंच घालायचे. मला कुणी शिकवलं नव्हतं."

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी मावशी मॅडमच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "काल मी सहावा संपवला. आज दहावा उघडलाय. मधल्या तीनवर बरोबरच्या खुणा आहेत."

"चुकून पुढचं बटण दाबलं गेलं असेल."

"तसं असेल," मावशी म्हणाल्या, पण त्यांना ते पटलं नव्हतं. शिवणारं माणूस टाके मोजतं, पाठ कसे विसरेल? तरी त्या परत जाऊन बसल्या. मॅडमनीच आपल्यासाठी तीन पाठ माफ केले असावेत अशी त्यांची समजूत झाली, आणि माफी मिळालेल्या माणसाने चौकशी करू नये, म्हणून त्यांनी ती केली नाही.

अकराव्या पाठात व्हिडिओ नव्हता. एकच प्रश्न होता, आणि खाली मोठी रिकामी चौकट. 'रुग्णाची काळजी घेताना तुमच्या हातून झालेली एक चूक लिहा.' मावशींनी हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ चौकटीकडे पाहिलं. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्या लिहू लागल्या. पाऊण तास संपला तेव्हा मॅडमनी त्यांना उठवलं नाही. रांगेत कुणी नव्हतं.

मावशींनी लिहिलं होतं ते असं. 'सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. एके दिवशी सकाळपासून चार वेळा चादर बदलली होती. पाचव्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा मी मशीनवर होते. ऐकू आलं, पण उठले नाही. हातातला कोट पुरा केला, काजं केली, बटणं लावली, मग गेले. दीड तास झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत. ओल्या जागेवर हात ठेवून पडल्या होत्या, मला दिसू नये म्हणून. मी कुणाला सांगितलं नाही. घरचे म्हणतात, माझ्यासारखी सेवा कुणी केली नसेल.'

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा त्याच पानावर, त्यांच्या मजकुराखाली, आणखी मजकूर होता. 'माझ्या बायकोला पक्षाघात होऊन सात महिने झाले. मी भरवताना घाई करतो. तिला गिळायला वेळ लागतो आणि मी दुसरा चमचा तोंडाशी धरून ठेवतो. परवा तिने तोंड मिटून घेतलं. मी ओरडलो. आवाज ऐकून शेजारीण दारात आली. मी तिला सांगितलं की टीव्हीचा आवाज होता.'

मावशींनी ते दोनदा वाचलं. मग ब्राउझर बंद करून त्या टेबलाशी आल्या.

"माझं उत्तर कुणीतरी वाचलंय."

"कसलं उत्तर?"

"तुम्ही म्हणालात, तिथे माझं राहील."

"राहिलं ना?"

"राहिलं, पण माझ्या एकटीचं नाही राहिलं." मावशींचा आवाज चढला नव्हता. वर्तमानपत्रांच्या दालनातल्या कुणी मानही वर केली नाही. "मी ते माझ्या मुलाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला तोवर. कुणीतरी माणूस ते इथे बसून वाचून गेलाय."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण मावशी वळून जिन्याकडे गेल्या. वहीत जाण्याची वेळ लिहायची राहिली.

मॅडमनी वहीची मागची पानं उलटली. चार नंबर, सकाळी अकरा, मावशी. चार नंबर, दुपारी तीन. गेले तीन दिवस एकच तिरपं अक्षर. दुपारी तीन ते चार मॅडमची ड्युटी खाली, पुस्तकं परत घेण्याच्या खिडकीवर असे आणि खोलीवर शिपाई बसे. त्या नोंदी कुणाच्या ते मॅडमना पाहताच कळलं, कारण त्या माणसाला त्यांनीच चार नंबरवर बसवलं होतं. डोळ्यांना त्रास होतो म्हणून तो मोठा पडदा मागत होता आणि सहांत मोठा पडदा चार नंबरचाच होता. दारावरचा कागद त्यानेही वाचला असणार. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाच्या तो नाकासमोरच होता.

आपण काय केलं ते त्यांना आत्ता नीट दिसलं. कुकी माणसाला ओळखत नाही, ती फक्त ब्राउझरला ओळखते. चार नंबरवर जो बसेल तो त्या साइटच्या लेखी एकच विद्यार्थी. सकाळी मावशी शिकायच्या, दुपारी हा शिकायचा, आणि साइट समजत होती की कुणीतरी फार मन लावून, दिवसातून दोनदा अभ्यास करतंय.

त्या दुपारी मॅडमनी शिपायाला खाली खिडकीवर पाठवलं आणि स्वतः वर थांबल्या. तीनला दोन मिनिटं कमी असताना ते आले. वाचनालयात सगळे त्यांना काका म्हणत. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, खांदे रुंद, मान किंचित पुढे. वेळेच्या बाबतीत काटेकोर.

"काका, अकराव्या पाठात तुमच्या आधी कुणीतरी लिहिलेलं होतं."

"हो. नमुना उत्तर."

"नमुना?"

"कसं लिहायचं ते दाखवायला देतात ना आधी एक." काका खुर्ची ओढून बसले. "खरं सांगू, मी ते वाचून बसूनच राहिलो. एरवी नमुन्यात काय असतं? औषध द्यायला पाच मिनिटं उशीर झाला, पुढे मी घड्याळ लावू लागलो. असलं काहीतरी. हे कुणी लिहिलंय ते लिहिलंय. मी म्हटलं, हे लोक जर एवढं खरं छापतात, तर आपण तरी का लपवायचं?"

मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. काका ऐकत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे त्या बाई खऱ्या आहेत."

"खऱ्या आहेत."

"आणि माझंही त्यांनी वाचलं."

"वाचलं."

काका उठले. ब्राउझर उघडलाच नव्हता, तरी सवयीने त्यांनी माऊस जागेवर सरळ ठेवला. "मी येणं बंद करतो. त्यांना सांगा, मला माहीत नव्हतं."

"तुम्ही बंद करू नका. तुमची काही चूक नाही. चूक माझी आहे."

मावशी चार दिवस आल्या नाहीत. सभासदांच्या घरी जायचं नाही असा नियम लिहिलेला नव्हता, पण तसं कधी कुणी गेलंही नव्हतं. मॅडमनी शनिवारी घरी बसून आपल्या चांगल्या कोटाच्या बाहीची टीप ब्लेडने उसवली आणि कोट पिशवीत घालून त्या मागच्या गल्लीत गेल्या.

दार सुनेने उघडलं. पुढची खोली शिवणाची होती. खिडकीपाशी मशीन, भिंतीला लावलेलं कापायचं टेबल, खुंट्यांवर नावाच्या चिठ्ठ्या टाचलेले कपडे. मावशींनी मॅडमना पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

"बाहीची टीप गेलीय," मॅडम म्हणाल्या.

मावशींनी कोट उलटा करून उजेडात धरला. "गेलेली नाही, कापलीय."

सून दारापाशी उभी होती. "चहा टाकू का, आई?"

"टाक."

सून आत गेली, पण स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्यामध्ये नुसता पडदा होता. मावशींनी तोंडात दोन टाचण्या धरल्या आणि मॅडमना कोट घालायला लावून बाही दुमडू लागल्या.

"ते चार नंबरचं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्या गृहस्थांना वाटलं, तो नमुना आहे."

"काय आहे?"

"नमुना. शिकवणाऱ्यांनीच दिलेला. कसं करायचं ते कळावं म्हणून. म्हणून मग त्यांनीही आपलं तसंच केलं."

मावशी थांबल्या. टाचण्यांमुळे ओठ मिटलेलेच होते. मग नाकातून एक आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे कळायला मॅडमना जरा वेळ लागला.

"माझा नमुना," मावशी टाचण्या काढून म्हणाल्या. "बत्तीस वर्षं शिवतेय. माझा नमुना आजवर कुणी मागितला नव्हता."

"कसला नमुना, आई?" पडद्यामागून सून म्हणाली.

"बाहीचा."

चहा झाला. मावशींनी टीप घालून कोट तिथल्या तिथे परत दिला आणि पैसे घेतले नाहीत. दारापर्यंत येऊन त्यांनी विचारलं, "ते किती वाजता येतात?"

सोमवारी तीनला पाच मिनिटं असताना मावशी खोलीत येऊन बसल्या. काका आले, त्यांना पाहून दारातच थबकले. मॅडमवर ओळख करून देण्याची वेळच आली नाही. खोलीत त्यावेळी आणखी एकच माणूस होता, एक नंबरवर, कानाला हेडफोन लावून.

"मी नमुनावाली," मावशी म्हणाल्या.

काकांनी हात जोडले. "मला खरंच माहीत नव्हतं."

"कळलं मला. बसा." मावशींनी बाजूची खुर्ची सरकवली. "सात, आठ, नऊ तुम्ही केलेत ना?"

"हो."

"त्यांत काय आहे? मला त्यांच्या नुसत्या खुणाच मिळाल्या."

"सातवा, अंथरुणातल्या जखमा. आठवा, भरवणं. नववा, पलंगावरून खुर्चीत बसवणं."

"भरवण्याचा पाठ करूनसुद्धा तुम्ही घाई करता?"

काकांनी खाली पाहिलं. "पाठ कळतो हो. चमचा हातात आला की हात जुन्या सवयीने चालतो. एकतीस वर्षं वेळापत्रक पाळलंय."

मावशी म्हणाल्या, "नववा मला दाखवा. सासूबाईंना मी काखेत हात घालून उचलायचे. दोघींचेही हाल व्हायचे."

"तसं नाही धरायचं. खांदा निखळतो." काकांनी इकडे तिकडे पाहिलं. "कुणीतरी पेशंट लागेल."

म्हणून मॅडम पाच नंबरच्या खुर्चीवर अंग सैल सोडून बसल्या. काकांनी आपले पाय त्यांच्या पायांच्या दोन बाजूंना रोवले, गुडघे वाकवले, त्यांच्या पाठीमागून कमरेच्या पट्ट्याला धरलं आणि मावशींना सांगितलं, "उचलायचं नाही. पुढे झुकवायचं. माणूस झुकला की आपोआप उठतो. मग फिरवायचं, आणि सोडताना मात्र हळू." मॅडम झुकल्या, उठल्या, फिरल्या आणि सहा नंबरच्या खुर्चीत हळूच टेकल्या. मग मावशींनी करून पाहिलं. मॅडमचं वजन मावशींच्या दीडपट होतं, तरी त्या सहज फिरल्या. मावशींना त्याचं एवढं नवल वाटलं की त्यांनी मॅडमना पुन्हा पाचवर आणलं.

मोठे सर नेमके तेव्हा दारात उभे होते. मोठे सर म्हणजे मुख्य ग्रंथपाल. ते कधी वर येत नसत. खाली खिडकीवर शिपाई का बसलाय ते विचारायला आले होते.

"काय चाललंय?"

"नववा पाठ," काका म्हणाले.

सरांच्या खोलीत मॅडमनी काही लपवलं नाही. अपवाद कधी घातला, का घातला, वहीत का लिहिला नाही, आणि त्यातून काय झालं. फक्त कुणी काय लिहिलं होतं ते सांगितलं नाही. सरांनीही विचारलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यापुढे समितीचा ठराव होता आणि ठरावात पाठांचा वेगळा उल्लेख नव्हता. लेखी खुलासा द्या आणि अपवाद आजच काढा, असं ते म्हणाले.

मॅडम वर आल्या तेव्हा दोघं तिथेच होते. अपवाद काढला की चार नंबरची ओळख पुसली जाईल आणि झालेले सोळा पाठ दोघांच्याही हातून जातील, हे त्यांनी सांगितलं. उत्तरं साइटकडे कुठेतरी राहतील, पण कुणाची ते साइटलाही कळणार नाही आणि पुन्हा कुणाला उघडता येणार नाहीत.

"माझं काही जात नाही," काका म्हणाले. "मला कागद नकोच होता. मला फक्त हिला नीट उठवता यावं, बसवता यावं, एवढंच हवं होतं."

मावशी म्हणाल्या, "मला कागद हवाय, पण असा नको. अर्धं शिकून पुऱ्याचा कागद घ्यायचा आणि उद्या कुणाचा तरी खांदा निखळवायचा? पुसा."

मॅडमनी सेटिंग्ज उघडल्या. काकांनी मध्येच हात वर केला, बसमध्ये कुणी थांबवायला करावा तसा.

"एक मिनिट. ताई, पुसायच्या आधी मी तुमचं ते उतरवून घेऊ का?"

"कशाला?"

"घरी ठेवायला. हिला भरवायला बसतो तिथे, ड्रॉवरमध्ये."

मावशींनी एक नंबरकडे पाहिलं. एक नंबरवरचा माणूस उठला, वहीत वेळ लिहून गेला.

"त्यात नाव नाही ना कुठे?"

"नाही."

"मग घ्या."

काकांनी खिशातून डायरी काढली. अकरावा पाठ उघडला आणि ते पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन एकेक ओळ लिहून घेऊ लागले. मावशी खिडकीबाहेर बघत बसल्या. शेवटची ओळ झाल्यावर काकांनी डायरी मिटून खिशात घातली. मॅडमनी यादीतलं ते एकमेव नाव निवडलं आणि 'काढून टाका' वर क्लिक केलं. 'नक्की?' असं संगणकाने विचारलं. त्यांनी 'हो' म्हटलं. मग ब्राउझर बंद करून साइट पुन्हा उघडून पाहिली. पहिल्या पाठातले दोन हात नळाखाली धरलेले होते.

त्याच आठवड्यात मॅडमनी काकांना आणि मावशींना वेगवेगळं नवं ईमेल काढून दिलं आणि मावशींकडून ते फोनवर न घालता फक्त इथेच कसं उघडायचं, उठताना कसं बंद करायचं ते चार वेळा करून घेतलं. हे आधीही करता आलं असतं. मॅडमना ते पहिल्या दिवशी सुचलं नव्हतं, आणि खुलाशात त्यांनी तसं लिहिलंही. पासवर्ड मावशींनी गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिहून ठेवला, छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांत मिसळून. मुलाला तो सापडला असता तरी कुणाचं तरी माप वाटलं असतं.

पहिले तीन पाठ त्यांनी एका बैठकीत उडवले. तेरा दिवसांनी त्या अकराव्याशी पोहोचल्या. तोच प्रश्न, तीच चौकट. त्या उठून टेबलाशी आल्या.

"इथे खरंच लिहावं लागतं का?"

"साइट तपासत नाही," मॅडम म्हणाल्या. "काहीतरी लिहिलं की पुढे जातं."

मावशी परत जाऊन बसल्या आणि 'एकदा चादर बदलायला उशीर झाला' एवढं लिहून पुढच्या पाठावर गेल्या.

प्रमाणपत्र महिनाअखेरीला छापून मिळालं. मुलाला त्यांनी जेवताना सांगितलं. तो जे बोलेल असं त्यांनी म्हटलं होतं, जवळजवळ तेच बोलला. सुनेचा चेहरा मात्र काही बोलला नाही. तिने सासूच्या पानात वाढता वाढता विचारलं की सकाळची पाळी किती वाजता सुटते, कारण शिवणाची गिऱ्हाइकं दुपारी आली तर तिला सांगायला बरं. मुलगा दोन दिवस घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी त्याने आईला एक नवा फोन आणून दिला आणि तो चालू कसा करायचा ते न सांगताच कामावर निघून गेला.

काका चार आठवडे आणखी आले. सतराव्या पाठानंतर त्यांनी नोंद करणं सोडलं. बायकोला खुर्चीत बसवता येऊ लागलं होतं आणि दुपारी ती खिडकीपाशी बसली की तिला एकटं सोडून यावंसं वाटत नाही, असं त्यांनी शिपायाला सांगितलं.

समितीची बैठक झाली. मॅडमना लेखी समज मिळाली आणि संगणकांच्या खोलीतून काढून त्यांना खाली, तळमजल्यावरच्या नियतकालिकांच्या विभागात बसवलं. तिथे त्यांच्याकडे मासिकांवर तारखेचे शिक्के मारण्याचं काम होतं. ठरावात एक ओळ वाढवण्यात आली की कोणत्याही साइटला अपवाद म्हणून घालण्यापूर्वी समितीची परवानगी घ्यावी. वर्षभरात तशी परवानगी कुणी मागितली नाही. मावशी आता सकाळी निवासस्थानात असतात आणि वाचनालयात फारशा येत नाहीत. आल्या तर पहिल्या मजल्यावर न जाता खालीच मॅडमशी दोन मिनिटं बोलतात, तिथल्या एका आजोबांविषयी, जे कुणालाही हात लावू देत नाहीत आणि मावशींना मात्र देतात.